वीस हजार फोटो कुठल्या कार्डात मावतात?

माननीय संपादक, यांस
सप्रेम नमस्कार.

लग्नसराईच्या तोंडावर आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅमेरा खरेदीवर एक लेख आला. लेख चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती लेखाच्या पोटात छापलेल्या चौकटीबद्दल. १६ जीबीच्या कार्डात पाच हजार फोटो, ३२ जीबीत दहा हजार आणि ६४ जीबीत वीस हजार. बस्स, एवढंच. कुठल्या कॅमेऱ्याचे, किती मेगापिक्सेलचे, कोणत्या दर्जाचे, काही नाही. त्या चौकटीचं कात्रण खिशात घालून आमच्या दुकानात माणसं येऊ लागली आहेत. एका वधूपित्याने तर ते काउंटरवर पसरून विचारलं, "ताई, एका कार्डात वीस हजार मावतात म्हणे. मग तुम्ही चार-चार कार्डं कशाला लावता? ते पैसे शेवटी आमच्याच बिलात ना?" त्यांचं समाधान मी केलं. बाकीच्यांसाठी हे पत्र.

आमचा सासवडला स्टुडिओ आहे. फोटो काढायचं काम दीर आणि त्यांच्या हाताखालची पोरं करतात, मी संगणकावर बसते. कार्ड रिकामं करणं, फोटो गाळणं, रंग सुधारणं, अल्बम लावणं, छपाईला पाठवणं हा माझा प्रांत. फोटो कसा आला हे गिऱ्हाईक बघतं. तो केवढा आला हे मला बघावं लागतं.

वीस हजार हा आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. एक फोटो तीन एमबीचा धरा, भागाकार करा, येतो वीस हजार. पण तीन एमबीचा फोटो घेणार कोण आणि कशासाठी?

सध्या लग्नात चालणारा साधा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असतो. म्हणजे आडवे ६००० आणि उभे ४००० ठिपके, मिळून दोन कोटी चाळीस लाख. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे लागतात, एकेका आकड्याला एक बाइट. हिशेब केला तर एक फोटो ७२ एमबीचा व्हायला हवा. प्रत्यक्षात आमच्या कॅमेऱ्यातून चांगल्या दर्जाची जेपीजी फाइल सरासरी सात-आठ एमबीची निघते. मग बाकीचे साठ-पासष्ट एमबी गेले कुठे? कॅमेऱ्यानेच टाकून दिले. जेपीजी ही फोटो दाबून लहान करायची १९९२ सालापासूनची रीत. ती फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि एकेका चौकोनात माणसाच्या डोळ्याला ज्याची उणीव भासणार नाही ते काढून टाकते. डोळा उजेड-अंधाराचा बारकावा जितका टिपतो तितका रंगाचा टिपत नाही, म्हणून रंगाच्या माहितीवर कात्री जास्त चालते. एकदा टाकलेलं परत येत नाही, मग पुढे कुठलंही सॉफ्टवेअर लावा.

किती टाकता येईल हे मात्र समोर काय आहे त्यावर ठरतं, आणि इथे आपली चौकट साफ कोसळते. सोमवती अमावस्येला जेजुरीहून खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते, तेव्हाची कार्डं माझ्याकडे येतात. पालखी निघायच्या आधी दीर गडावरच्या दीपमाळा घेतात, मागे मोकळं आभाळ. तो फोटो चार एमबीत बसतो. आभाळाच्या चौकोनांत सांगण्यासारखं काही नसतंच, एक निळा सांगितला की पुढचे शंभर चौकोन तसेच. मग 'येळकोट येळकोट'चा गजर होतो, भंडारा आणि खोबरं उधळलं जातं, आणि त्याच कॅमेऱ्याचा, त्याच सेटिंगचा फोटो बारा-तेरा एमबीवर जातो. हवेत उडालेला कणन् कण वेगळा, खाली हजारभर डोकी, हजार तऱ्हेच्या टोप्या आणि पदर. 'वरच्यासारखंच' म्हणून काही सोडायची सोयच नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर 'इतके फोटो उरले' असा आकडा असतो. दीपमाळेच्या वेळी फोटो काढला तरी तो कधी कधी जागचा हलत नाही, आणि भंडाऱ्यात एका फोटोला दोनाने उतरतो. कॅमेऱ्याला स्वतःलाही अंदाजच बांधावा लागतो, तिथे वर्तमानपत्राने आकडा पक्का कसा सांगायचा?

आणखी एक गोष्ट आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. रात्री जागरण-गोंधळाला उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेडाला दाद देण्याचं माप, ६४०० वर न्यावा लागतो. त्याने फोटोत रव्यासारखे दाणे उमटतात. कॅमेऱ्याच्या लेखी तो दाणा आणि भंडाऱ्याचा कण सारखाच, दोन्ही बारकावेच. तो दाणेही इमानेइतबारे जपून ठेवतो आणि फाइल फुगते. म्हणजे दर्जाने कमी असलेला फोटो कार्डात जास्त जागा अडवतो. 'जास्त एमबी म्हणजे जास्त चांगला फोटो' असं आमच्या धंद्यातले जुनेजाणतेही बोलून जातात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता दर्जा. कॅननच्या मेनूत 'एल'च्या, म्हणजे पूर्ण आकाराच्या, शेजारी दोन चिन्हं असतात. एकाची कड गुळगुळीत कमान, दुसऱ्याची पायऱ्यापायऱ्यांची. दोन्हीत ठिपके तेवढेच, ६००० बाय ४०००. पायऱ्यांवर ठेवलं की कॅमेरा जास्त दाबतो आणि फाइल जवळपास निम्मी होते. त्याच्या खाली 'एम' आणि 'एस'. त्यांत ठिपकेच कमी होतात. एस मध्ये आडवे तीन हजारांच्याही आत. नवीन पोरं काय करतात, तर मुहूर्त लांबला, जेवणावळी चालू झाल्या, कार्ड भरत आलं की गुपचूप 'एस' करतात. चौकटीतले वीस हजार फोटो हे असे मावतात.

त्याचा परिणाम माझ्याकडे येतो. गेल्या हंगामात एका मुंजीचे फोटो दुसऱ्या कुणी काढलेले आणि अल्बमसाठी आमच्याकडे आलेले. घरच्यांना मातृभोजनाचा फोटो करिझ्मा अल्बमच्या अख्ख्या पानावर हवा होता. करिझ्माचं उघडं पान १२ बाय ३६ इंचांचं असतं. पूर्ण आकाराचा फोटो असता तर ६००० ठिपके ३६ इंचांवर पसरले असते, म्हणजे इंचाला १६६. छपाईला ३०० मागतात, पण एवढं मोठं पान माणूस जरा लांब धरून बघतो, १६६ मध्ये निभतं. हा फोटो होता 'एस'मधला. इंचाला जेमतेम ८३ ठिपके, त्यात पायऱ्यांच्या दर्जाने दाबलेला. पडद्यावर शंभर टक्के मोठा करून बघितला. बटूच्या आईच्या पैठणीचा काठ. जरीची वीण असायला हवी तिथे फिकट पिवळ्या-तपकिरी चौकोनांची फरशी, आणि काठ जिथे संपतो तिथे अंगठीभोवती धूळ बसावी तशी करडी कड. बटूच्या पापण्या गालाला चिकटलेल्या. आजी म्हणाल्या, "जरा नीट करा की, तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे ना." संगणक रेषा धारदार करतो, पण नसलेली जर विणत नाही. शेवटी तो फोटो पानाच्या कोपऱ्यात ६ बाय ८ एवढाच लावला.

तोच 'एस'चा फोटो ४ बाय ६ च्या पाकिटात घातला असता तर कुणाला फरक कळलाही नसता. ४ बाय ६ इंचाला ३०० च्या हिशेबाने १२०० बाय १८०० ठिपके पुरतात, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या थोडं वर. पंचवीस वर्षांपूर्वीचे छोटे डिजिटल कॅमेरे तेवढे देत होते, आणि त्यांचे छापलेले फोटो आजही छान दिसतात. ३०० हा आकडाही हवेतून आलेला नाही. फूटभर अंतरावर धरलेल्या फोटोत माणसाचा डोळा इंचाला साधारण तीनशेच ठिपके सुटे बघू शकतो. तीन मीटर लांब गेलं की तीसच. म्हणून चौकातला दहा फुटी फ्लेक्स आपल्याला स्वच्छ दिसतो. त्याच्या खाली जाऊन उभं राहा आणि भाऊंच्या मिशीकडे बघा, मग कळेल. तेव्हा फोटो केवढा हवा हे तो कुठे लागणार आणि बघणारा किती लांब उभा राहणार यावर ठरतं. लग्नात मात्र कुठला फोटो पुढे भिंतीवर जाणार हे त्या दिवशी कुणालाच माहीत नसतं. आजोबांचा एक फोटो, त्यांच्या मागे, मोठा करून हवा असतो. तो बहुतेक वेळा पंगतीत बसलेला, कुणाचं लक्ष नसताना काढलेलाच निघतो.

रॉ फाइलबद्दल, म्हणजे काही टाकून न देता ठेवलेल्या कच्च्या फोटोबद्दल, लेखात 'व्यावसायिकांसाठी' एवढंच म्हणून सोडून दिलं होतं. त्यावर दोन ओळी हव्या होत्या. पडद्यावर पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा. भर दुपारी भंडारा उडाला की लालाचं माप सगळ्यात आधी भरतं. जेपीजीत प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. वरच्या पायरीला टेकलं की त्याच्या पुढचं सगळं एकाच मापाचं पिवळं, आणि नवरदेवाच्या कपाळावरचा भंडारा रंगाचा सपाट पट्टा दिसू लागतो. रॉ १४ बिटची असेल तर पायऱ्या १६,३८४ होतात आणि वरच्या टोकाला थोडी जागा राखीव राहते. तिथून कण परत काढता येतात. दर वेळी जमतंच असं नाही, पण बऱ्याचदा जमतं. त्यासाठी एका फोटोला २५ ते ३० एमबी मोजावे लागतात.

मग कुणी हुशार विचारेल की रॉमध्ये काहीच टाकत नाहीत तर ती ७२ एमबीची का नाही? कारण कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या पाटीवरचा, एक ठिपका एकच रंग बघतो. निम्मे ठिपके हिरव्यासाठी, पाव लालासाठी, पाव निळ्यासाठी. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची, १९७६ च्या पेटंटमधली, आणि आज जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात आणि फोनमध्ये तीच किंवा तिचीच बहीण आहे. बाकीचे दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून नंतर अंदाजाने भरले जातात. रॉमध्ये ते भरलेलेच नसतात, त्यामुळे दोन कोटी चाळीस लाख गुणिले १४ बिट (आठ बिटांचा एक बाइट) म्हणजे ४२ एमबी, आणि काही न गमावता घडी घातली की पंचवीस-तीस. जेपीजी आणि रॉ दोन्ही ठेवले तर ६४ जीबीच्या कार्डात पावणेदोन हजारांच्या आसपास फोटो बसतात. वीस हजार कुठे आणि पावणेदोन हजार कुठे! कार्ड तेच. वधूपित्यांना मी हेच सांगितलं. त्यांनी कात्रण घडी करून परत खिशात ठेवलं; पटलं की नाही ते बिल देताना कळेल.

जागा आणि दर्जा यांची ही ओढाताण जन्मापासूनची आहे. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी जो पहिला डिजिटल कॅमेरा जोडला, तो १०० बाय १०० ठिपक्यांचा होता, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेल. फोटो उतरायचा कॅसेटच्या टेपवर आणि एका फोटोला २३ सेकंद लागायचे. एका कॅसेटवर तीस फोटो असं त्यांनी ठरवलं, कारण लोकांना २४ आणि ३६ फोटोंच्या रोलची सवय होती, तीस मधला आकडा. मला हे फार आवडतं. जागा किती यापेक्षा माणसाची सवय किती, हे पहिल्या दिवसापासून.

आता फोन. '२०० मेगापिक्सेल' ऐकून लोक माझ्या दिरांच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याकडे कीव केल्यासारखं बघतात. त्या फोनचा एक ठिपका ०.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, मोठ्या सेन्सरच्या, ज्याला फुलफ्रेम म्हणतात त्या २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा सहा मायक्रॉनचा. बाजू दहापट, म्हणजे क्षेत्रफळ शंभरपट. उजेड पकडायला तेवढी जास्त जागा. फोनवाल्यांनाही हे माहीत आहे, म्हणून तो फोन नेहमीच्या सेटिंगवर सोळा-सोळा ठिपके एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. ते शहाणपणाचंच आहे. भर उन्हात फोन चांगलंच काम करतो, मी स्वतः माझ्या भाचीच्या बारशाचे फोटो फोनवर काढले. मंगल कार्यालयाच्या पिवळ्या दिव्यांखाली गोष्ट वेगळी.

फोनचा खरा घोळ पुढे होतो. पूर्वी गूगल फोटोजमध्ये थोडा दाबून का होईना, कितीही फोटो फुकट ठेवता यायचे. १ जून २०२१ पासून ते बंद झालं आणि सगळं मिळून १५ जीबीत आलं. तेव्हापासून लोकांनी फोनमध्ये सापडेल ती 'जागा वाचवा' अशी कळ दाबून ठेवली आहे. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे लांब बाजूला साधारण सोळाशे ठिपक्यांचा होतो, शिवाय परत दाबला जातो, आणि फोटोच्या पोटात असलेली काढल्याची तारीख-वेळही पुसली जाते. मग गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, हाच फोटो १६ बाय २४ करून द्या, आमच्याकडे हाच आहे." मूळ फोटो कुणाच्या फोनमध्ये आहे हे शोधायला निम्मा दिवस जातो. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून जोडून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. एवढं एक वाक्य आपण कुठेतरी ठळक छापलंत तर आमच्यासारख्या शेकडो स्टुडिओंचा दुवा मिळेल.

आकड्यांचा सगळ्यात जास्त त्रास मात्र फोटो काढणाऱ्यांना नाही, परीक्षेचे अर्ज भरणाऱ्या मुलांना होतो. बँकेच्या आयबीपीएस परीक्षेच्या अर्जाला फोटो लागतो २०० बाय २३० ठिपक्यांचा आणि २० ते ५० केबीचा. मुलं फोनवरचा मोठा फोटो घेतात आणि 'केबी कमी करा' असल्या एखाद्या अ‍ॅपमध्ये टाकतात. ठिपके तेवढेच ठेवून ते अ‍ॅप दाबत सुटतं. २४ मेगापिक्सेलचा फोटो तसाच ५० केबीत कोंबायचा म्हणजे चौदाशेपट दाबायचा. चेहऱ्याचे चौकोन पडतात, नाक-ओठ एक होतात. मग अर्जाचं पान म्हणतं चेहरा स्पष्ट नाही, मुलगी रडवेली होऊन दुकानात येते आणि शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. उलट आधी फोटो कापून २०० बाय २३० केला की ठिपके उरतात ४६ हजार, आणि न दाबताही तो १३८ केबीच होतो. ५० केबीत बसवायला तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आणायचा, बस. चेहरा स्वच्छ राहतो, केस मोजून घ्या. आधी आकार, मग दाब, आणि दाब एकदाच. दर वेळी उघडून, खरडून पुन्हा जेपीजी सेव्ह केली की आणखी थोडं गळतं. सायबर कॅफेवाल्यांपैकी काही जण हे व्यवस्थित करतात; काहींना सांगितलं तर ते म्हणतात, "चालतंय की."

कार्डाबद्दल थोडक्यात. ६४ जीबीचं कार्ड संगणकात लावलं की ५९.६ दिसतं आणि लोक दुकानदाराशी भांडतात. दुकानदाराची चूक नसते. कार्ड बनवणारे हजारच्या पटीने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीने. जुना कॅमेरा फक्त एसडीएचसी या जुन्या जातीची कार्डं वाचणारा असेल तर त्याला ३२ जीबीपर्यंतचीच कार्डं चालतात, ६४ चं कार्ड घेऊन उपयोग नाही. कार्डावर मोठ्या अक्षरात '१७० एमबी' वगैरे लिहिलेलं असतं ते वाचण्याच्या वेगाचं. फोटो भराभर काढताना उपयोगाचा तो लिहिण्याचा, आणि त्यातला किमान वेग बारीक 'व्ही ३०' सारख्या खुणेत असतो, म्हणजे सेकंदाला निदान ३० एमबी. अक्षता पडताना कॅमेरा 'थांबा' म्हणून बसला तर कारण बहुधा तिथे असतं.

बनावट कार्डांचा विषय मोठा आहे. आमच्या ओळखीच्या एका मुलाने स्वस्तात मिळालं म्हणून ५१२ जीबीचं कार्ड घेतलं. कॅमेऱ्याने ५१२ दाखवलं, संगणकानेही ५१२ दाखवलं. आतली खरी जागा त्याच्या कितीतरी कमी, बाकी नुसतं पाटीवर लिहिलेलं. साखरपुड्याचे सुरुवातीचे फोटो धड आले, अंगठी घालतानाचे सगळे अर्धे करडे. फाइलींची नावं आहेत, आकार आहे, आत काही नाही. असं कार्ड ओळखायची सोय फुकट मिळते. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, तो कार्ड काठोकाठ भरतो आणि परत वाचून बघतो. नवं कार्ड घेतलं की मी आधी तो चालवते, मगच दिरांच्या हातात देते. वेळ लागतो, लागू दे.

तर मग जागा वाचवायची कुठे? माझ्या मते काढताना नाहीच, काढून झाल्यावर. आमचे सासरे रोलच्या काळातले. ३६ चा रोल, प्रत्येक फोटोला धुण्याचा आणि छापण्याचा खर्च. ते कळ दाबायच्या आधी दोन पावलं मागेपुढे व्हायचे. आता एका लग्नाचे चार-चार हजार फोटो येतात आणि अल्बमला घरचे अडीचशे निवडतात. एकाच हार घालण्याचे तीस फोटो, त्यातल्या बारांत कुणाचे ना कुणाचे डोळे मिटलेले. ते बारा पूर्ण दर्जाचे जपून काय करायचं? गाळा. हार्डडिस्क निम्मी रिकामी होते. पण जो ठेवायचा तो पूर्ण आकाराचा, पूर्ण दर्जाचा, दोन वेगवेगळ्या ठिकाणी. कार्डातच वर्षानुवर्षं ठेवू नका. कार्ड हे ने-आण करायला आहे, साठवणीला नाही.

गाळणं हे दर्जा उतरवण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे, हे मी रोज बघते. दर्जा उतरवायला एक कळ पुरते. गाळायला बसलं की मावशी म्हणते तो ठेव, त्यात माझी साडी दिसते.

संपादक महोदय, आपल्याकडे दोनच विनंत्या. अशी चौकट पुन्हा छापाल तेव्हा तिच्या खाली बारीक अक्षरात का होईना, किती मेगापिक्सेल आणि एका फोटोला किती एमबी धरले ते द्या. म्हणजे वाचकाला आपल्या कॅमेऱ्याचा भागाकार आपण करता येईल. दुसरी विनंती आपल्या 'वाचकांचे फोटो' सदराची. गणपतीच्या आराशीचे फोटो मागवताना आपण लिहिता, 'फोटो ५०० केबीपेक्षा मोठा नसावा'. वर्तमानपत्राच्या कागदाला इंचाला दोनशे ठिपके भरपूर होतात, हे मला मान्य. दोन कॉलमी फोटोला साडेसहाशे ठिपके रुंदी पुरते, त्यामुळे एरवी खपून जातं. पण एखादा फोटो आवडून आपण तो पानभर लावता तेव्हा मखरातल्या गणपतीच्या सोंडेवर चौकोन दिसतात आणि नाव मात्र वाचकाचं खाली छापलेलं असतं. मर्यादा केबीत न देता ठिपक्यांत द्या, लांब बाजू तीन हजार म्हणा, आणि फोटो ई-मेलला जोडून मागवा.

आपली,
एक स्टुडिओचालक वाचक,
सासवड, जि. पुणे
(कृपया नाव छापू नये. दिरांना मागाहून सांगेन.)

ता. क. सोबत ई-मेलला जेजुरीचे दोन फोटो जोडले आहेत. जागा तीच, क्षण जवळपास तोच. एक पूर्ण दर्जाचा, दुसरा मुद्दाम 'एस' आणि पायऱ्यांवर ठेवून काढलेला. छापायचे असतील तर शेजारी शेजारी छापा, आणि पान लावणाऱ्यांकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नका. नाहीतर दोन्ही सारखेच दिसतील.